पाठीवर पांढऱ्या रंगात ‘योजना’

मी पाण्यातून वर आले. लाइफ जॅकेट काढलं, पिळलं आणि बाकीच्या जॅकेटांच्या ओळीत खुंटीला टांगलं.

तेवढ्यात एक बाई आल्या. क्लबच्या सेक्रेटरींची बायको. तिथं भिंतीला होडी ढकलायची काठी टेकवून ठेवलेली असायची. ती त्यांनी घेतली. काठीच्या टोकानं माझं जॅकेट खुंटीवरून उचललं आणि धक्क्याच्या फळ्यांवर टाकलं. जॅकेटातून पाणी निथळत होतं. ते पायाला लागू नये म्हणून बाई दोन पावलं मागे सरकल्या.

तिथल्या कामगाराला म्हणाल्या, “हे वेगळं ठेवा हो. बाकीची आमची मुलं घालतात.”

मी समोर उभी होते. चौदा वर्षांची. अंग ओलं, दात वाजत होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. रागानंसुद्धा नाही. रागानं पाहिलं असतं तर निदान मी तिथं आहे असं तरी झालं असतं.

कामगारानं जॅकेट फिनेलच्या बादलीत बुडवलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर त्या जॅकेटच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं मोठ्ठं लिहिलेलं होतं. ‘योजना’. आणि त्याला खुंटी नव्हती. ते बाहेर, जनरेटरच्या पत्र्यावर वाळत घातलेलं होतं.

योजना म्हणजे आम्ही. वंचित मुलांना पाण्यातले खेळ शिकवायची एक सरकारी योजना आली होती. शहराबाहेरचा तलाव क्लबच्या ताब्यात होता, म्हणून योजना क्लबला मिळाली. आम्ही पाच पोरं होतो सुरुवातीला. एकेक करून सगळी सुटली. मी राहिले. मग ते जॅकेट माझं एकटीचं झालं, आणि नावही.

“ए योजना, दोरी दे इकडे.”

“योजना आली का आज?”

मला आईबापानं ठेवलेलं नाव आहे. इथं सांगणार नाही. तीन वर्षांत त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही, आता कशाला सांगू.

माझे बाबा महापालिकेच्या स्विमिंग टँकवर गार्ड होते. कंत्राटी. कोणी बुडायला लागलं की उडी मारायची, बाकी दिवसभर शिटी वाजवायची. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून त्यांच्यासोबत जायची. लोक निघून गेले की बाबा म्हणायचे, “उतर आता.” तेव्हा टँक माझा. बाबा काठावर बसून ओरडायचे, “पाय मार वं, पाय! हात कायले फिरवून राहिली नुसता?” असं पोहायला शिकले मी.

आमचं मूळ गाव खापा. आजोबा कन्हान नदीत पोहलेले. छप्पन साली ते गावातल्या लोकांसोबत नागपूरला आले आणि बौद्ध होऊन परत गेले. पुढे नागपुरातच राहायला आले. पाण्यासाठी आपल्या लोकांनी काय केलं, कुणी लाठ्या खाल्ल्या, हे मला शाळेनं शिकवलं नाही. घरी शिकवलं. पण लहानपणी मी ते गोष्टीसारखं ऐकायची. झालं ते झालं, आता काय त्याचं, असं वाटायचं. आता टँकवर कोण कोणाची जात विचारतं?

मग टँकवर कोच सर आले. नौदलातून निवृत्त झालेले. योजनेसाठी पोरं शोधत होते. त्यांनी मला लांबी मारताना पाहिलं आणि बाबांना म्हणाले, “ही मुलगी मला द्या.” बाबांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. वॉटर स्कीइंग काय असतं हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी पाण्यात बसवलं. गुडघे छातीशी, पायात दोन लांब फळ्या, हातात दोरीची मूठ. दोरीचं दुसरं टोक बोटीला. ‘गो’ म्हणून ओरडायचं, मग बोट निघते. मी ओरडले आणि तोंडावर आपटले. नाकात पाणी, डोळ्यात पाणी. पुन्हा. पुन्हा. सर बोटीतून म्हणाले, “ओढू नको. हात सरळ ठेव. बोटीला ओढू दे.” मी हात सरळ ठेवले. आणि उठले.

उठले म्हणजे पाण्यावर उभी राहिले. पायाखाली पाणी फरशीसारखं कडक झालेलं. पाय थरथरत होते, कानात वारा, आणि मी मोठमोठ्यानं हसत होते. ते कसं होतं हे मला अजून सांगता येत नाही. पण एवढं समजलं की हे मी सोडणार नाही.

म्हणून सहन केलं. जॅकेट सहन केलं. कपडे बदलायला जनरेटरच्या मागे जायचं, ते सहन केलं. क्लबच्या बाथरूमला कुलूप नव्हतं, पण मी आत गेले की नंतर कोणीतरी फिनेलची बादली ओतायचं, म्हणून जाणंच सोडलं. सेक्रेटरींची बायको एकदा म्हणाली, “‘मले’ नाही गं, ‘मला’ म्हणावं. तोंड सुधारा आधी.” मी म्हटलं, “हो मॅडम.” आता मी ‘मला-तुला’ लिहून राहिली, ते मला शाळेत मराठीच्या मॅडमनं प्रेमानं शिकवलं म्हणून. त्या बाईनं शिकवलं म्हणून नाही.

कोच सरांना सगळं दिसत होतं. काठीनं जॅकेट काढलं तेव्हा ते तिथंच बोटीत पेट्रोल भरत होते. मला नंतर बाजूला घेऊन म्हणाले, “बेटा, ॲडजस्ट कर. खेळावर लक्ष दे. खेळ मोठा झाला की हे सगळं लहान होतं.”

मी त्यांचं ऐकलं. खेळ मोठा केला. हे लहान झालं नाही.

माझा प्रकार स्लॅलम. एका स्कीवर उभं राहायचं. बोट सरळ जाते आणि तुम्ही तिच्या मागे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पाण्यावर तरंगणाऱ्या सहा नारिंगी गोळ्यांना बाहेरून वळसा घालून यायचं. जमलं की बोटीचा वेग वाढवतात. तोही जमला की दोरी आखूड करतात. त्या गोळ्यांना इंग्रजीत बॉय म्हणतात. मी घरी येऊन सांगितलं, “आई, आज सहा बॉय पूर्ण केले.” आई पोळी लाटता लाटता थांबली. “कोणते बॉय वं? पोरींचं कोचिंग हाये म्हणत होती ना तू?” बाबा हसून हसून खाली बसले.

मी सतरा वर्षांची असताना ज्युनिअरच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. थायलंडला. मुलींमध्ये भारताच्या आम्ही दोघी. मी आणि तन्वी. तन्वी म्हणजे सेक्रेटरी साहेबांची मुलगी. ती वाईट खेळायची असं नाही. तिच्याकडे तीन स्की होत्या, उन्हाळ्यात ती परदेशी शिबिराला जायची. माझ्यापाशी क्लबची जुनी स्की होती, बूट मोठा म्हणून मी आत मोजे घालायची. चाचणीत मी तिच्या पुढे होते.

संघाचे मॅनेजर म्हणून सेक्रेटरी साहेब स्वतः आले. सोबत त्यांची बायको आली. कोच सर आले.

आई विमानतळावर आली होती. तिनं मला निळा रुमाल दिला आणि कानात म्हणाली, “कोणाले भेऊ नको.” एवढंच.

तिथं पोचल्यावर माझा पासपोर्ट साहेबांनी ठेवून घेतला. “हरवशील.” तन्वीचा तन्वीकडेच होता. हॉटेलात तीन खोल्या. एकीत ते तिघं, एकीत सर. तिसरी सामानाची, म्हणजे स्कीच्या लांब पेट्या, दोऱ्या, ओले सूट ठेवायला घेतलेली. त्यात माझी गादी. बाईंनी घरून डबे आणले होते, स्टीलच्या ताटल्या आणल्या होत्या. त्या तिघांच्या आणि सरांच्या ताटल्या स्टीलच्या. माझ्यासाठी कागदी. परदेशात सात समुद्रापार येऊन त्यांनी मोजून कागदी ताटल्या आणल्या होत्या! मी पोळी खात होते आणि विचार करत होते, ही बाई नागपुरात इतवारीत जाऊन दुकानदाराला म्हणाली असेल, एक पुडा कागदी ताटल्या द्या. माझ्यासाठी. पिशवीत नीट ठेवल्या असतील. वाकू नयेत म्हणून.

सगळ्यांचे ओले सूट संध्याकाळी मी धुवायची. कोणी सांगितलं नव्हतं. ते सामानाच्या खोलीत आणून टाकायचे आणि मी तिथं होते.

दुसऱ्या दिवशी सरावाला धक्क्यावर बसले होते. शेजारी दुसऱ्या देशाची एक मुलगी. नाव मला धड उच्चारताही आलं नाही. उकाडा नागपूरसारखा, पण घाम वाळत नव्हता. तिनं माझ्या हातातली पाण्याची बाटली पाहिली, खुणेनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता घेतली. तोंड लावलं. घटाघटा प्यायली. परत माझ्या हातात दिली आणि ‘थँक्यू’ म्हणून पाय हलवत बसली.

मी घाबरले.

खरं सांगते, मी आधी मागे वळून पाहिलं. बाईंनी पाहिलं का? आता कोणी त्या मुलीला ओरडेल का? बाटली धरून तशीच बसले. आणि मग मला माझाच असा राग आला, आणि त्याच्या मागून त्या लोकांचा, की डोळ्यांपुढे अंधारी आली. एक मुलगी तहान लागली म्हणून पाणी प्यायली. एवढंच तर झालं होतं. यात भ्यायचं काय होतं? ही भीती माझ्यात कोणी घातली? मी काय आईच्या पोटातून घेऊन आले होते?

उरलेलं पाणी मी प्यायले. तोंड लावून.

त्या दिवशी संध्याकाळी सूट धुतले नाहीत. माझा एक धुतला. बाकीचे तसेच पडले. बाईंनी दारातून वाकून पाहिलं.

मग प्राथमिक फेरी झाली. मी अंतिम फेरीत गेले. आठ जणी अंतिम फेरीत होत्या, मी आठवी. तन्वी नववी. म्हणजे राखीव. अंतिम फेरीतलं कोणी आजारी पडलं, तर तिला जागा.

दुपारी साहेबांनी मला हॉटेलच्या लॉबीत बोलावलं. सर शेजारी बसले होते. साहेब फार गोड बोलले. त्या तीन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी एवढं बोलले.

“छान केलंस तू. आम्हाला अभिमान आहे. आता असं आहे, तन्वीला पुढे अमेरिकेत कॉलेज करायचंय. अंतिम फेरी खेळली असं दाखवता आलं तर तिला उपयोग होईल. तुला काय, तुला अनुभव मिळाला. परदेश पाहिलास. उद्या सकाळी सांग, खांदा दुखतोय म्हणून.”

मी सरांकडे पाहिलं. ते चहाच्या कपात चमचा फिरवत होते. साखर कधीचीच विरघळलेली होती.

मी म्हटलं, “माझा खांदा नाही दुखत साहेब.”

साहेब हसले. “अगं, सांगायचं. तेवढं कळतं ना?” मग म्हणाले, “तुझे बाबा टँकवरच आहेत ना अजून? त्यांचं कंत्राट आपल्या माणसाकडेच आहे.”

बस. एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. उठून गेले. सर मागून उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, मी डोकं बाजूला घेतलं.

“विचार कर बेटा,” सर म्हणाले.

मी बाहेर फुटपाथवर जाऊन हॉटेलच्या वायफायवर बाबांना फोन लावला. बाबा टँकवर होते. मागे पोरांचा कल्ला, पाण्याचे आवाज. मी सगळं सांगितलं. कंत्राटाचंही सांगितलं.

बाबांनी विचारलं, “तुहा खांदा दुखून राहिला काय?”

“नाई बाबा.”

“मंग खोटं काहून सांगतं?”

“तुमची नोकरी…”

“माह्या नोकरीचं मी पाहीन. माह्या नोकरीसाठी तू लुली होशील काय?” आणि तिकडे कोणावर तरी ओरडले, “ए, उथळ आहे तिकडे, मुंडी खाली घालून उडी नको मारू!” मग परत मला, एकदम हळू आवाजात, “खेळ तू. जा.”

मी फुटपाथवर बसून रडले. रडून झाल्यावर निळ्या रुमालानं तोंड पुसलं आणि वर गेले.

सकाळी धक्क्यावर अधिकारी नावं पुकारत होता. गोरा, उंच, डोक्यावर टोपी. माझं नाव आलं. माझं खरं नाव, त्याच्या उच्चारात वाकडंतिकडं, पण माझं. मी पुढे झाले. साहेब माझ्याही पुढे झाले. मी खांदा दुखतोय असं सांगितलं नव्हतं, म्हणून तेच इंग्रजीत बोलले. मला इंग्रजी फार येत नाही, पण तेवढं कळलं. ही जखमी आहे. राखीव मुलगी खेळेल.

तन्वी सूट घालून तयार उभी होती. मान खाली.

तीन वर्षांचं ‘हो मॅडम, हो साहेब’ जिभेवर बसलेलं होतं, ते हलेना. अधिकारी कागदावर काहीतरी खोडायला लागला. त्याचं पेन कागदाला टेकलेलं मी पाहिलं.

आणि मी ओरडले. “नो!”

सगळे वळले.

“नो इंजरी. ही इज लायिंग. आय स्की.”

साहेब म्हणाले, “शी इज अ चाइल्ड. आय ॲम हर मॅनेजर.” आणि मराठीत, दात न उघडता, “गप्प बस. महागात पडेल.”

“पडू द्या,” मी म्हटलं. मराठीतच. मग सुचलं तेच बोलले, घरचं बोलले, “मले काही झालं नाई. मी खेळून राहिली. तुमच्या बापाची बोट हाये काय?”

अधिकाऱ्याला त्यातलं काही समजलं नसेल. पण त्यानं माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि डॉक्टरबाईला हाक मारली. तिनं माझा खांदा दाबला. हात वर करायला लावला. मी दोन्ही हात वर केले, पार कानाला लावून, आणि तिनं ‘ओके’ म्हटल्यावरही खाली घेतले नाहीत. सगळ्यांना दिसू दे म्हटलं.

मी खेळले.

पहिल्या फेरीत सहाही गोळे झाले. वेग वाढवला, सहाही झाले. पुन्हा वेग वाढवला. चौथ्या गोळ्याला मी उशिरा वळले, दोरी सैल पडली, मग एकदम ताणली आणि मला उचलून फेकलं. पाण्यात पडल्यावर काही क्षण वर कुठं आणि खाली कुठं ते कळेना. वर आले. दोघीजणी माझ्या मागे राहिल्या, पाच पुढे गेल्या. मेडल नाही. पण ते चौथ्या गोळ्याला पडणं माझं होतं. ते कोणी मला सांगून करवून घेतलं नव्हतं.

नंतर बाथरूममध्ये तन्वी भेटली. हात धूत होती. आरशातच पाहत म्हणाली, “मला खरं तर उतरायचंच नव्हतं.”

“मग बोलली काहून नाही?”

“पप्पांसमोर कोण बोलणार?”

“मी बोलले ना,” मी म्हटलं.

ती नळ चालूच ठेवून गेली. मी बंद केला.

नागपूरला उतरलो तर विमानतळावर हार. पेपरवाले. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, ज्या खांद्याला ते दुखणं चिकटवत होते त्याच्यावर, आणि फोटोसाठी हसले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की क्लबनं झोपडपट्टीतला हिरा शोधला. आमचं घर पक्कं आहे. आजोबांनी दोन खोल्या विटा-सिमेंटच्या बांधल्या. आईनं तो पेपर वाचला आणि म्हणाली, “यायले कोणं सांगतलं वं, आपण झोपडीत राहतो म्हणून?” कोणाला सांगायची गरज नसते. त्यांना आधीच ठाऊक असतं आपण कुठं राहत असू.

त्याच आठवड्यात बाबांना टँकवरून काढलं. कारण सांगितलं नाही. ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणाले. वीस वर्षं ज्या माणसानं लोकांची पोरं पाण्यातून काढली, त्याला शिटी जमा करायला लावली.

मी सरावाला गेले तर क्लबच्या गेटवर चौकीदारानं अडवलं. योजना बंद झाली, म्हणाला.

मी लगेच परत फिरले नाही. गेटसमोर उभी राहून तलावाकडे पाहत राहिले. तलाव पाटबंधारे खात्याचा, म्हणजे सरकारी आहे. क्लबनं धक्का बांधला, बोटी आणल्या, तारेचं कुंपण घातलं. पाणी त्यांनी आणलं नाही. एवढी साधी गोष्ट मला इतकी वर्षं दिसली नव्हती. मी त्यांच्या पाण्यात उतरते असंच समजत होते. आजोबांच्या वेळच्या त्या गोष्टी जुन्या झाल्या असं समजणारी मी! जुनं काय झालं होतं? फक्त फिनेल नवीन आलं होतं.

घरी येऊन बाबांना म्हटलं, “तक्रार करायची.”

बाबांनी शर्ट घातला.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा आम्हाला परत पाठवलं. खेळातली भांडणं इथं कशाला, म्हणाले. दुसऱ्यांदा आमच्या वस्तीतल्या वकीलताई सोबत आल्या, विहारातल्या बाया आल्या, आई सगळ्यांच्या पुढे. तक्रार लिहून घेतली. ॲट्रॉसिटीची. जॅकेट, काठी, फिनेल, बाथरूम, ताटल्या, लॉबी, सगळं सांगितलं. लिहिणारा शिपाई मध्येच थांबून म्हणाला, “जातीवरून शिवी दिली काय?” मी म्हटलं, “नाही. शिवी द्यायलाही त्यांनी कधी माझ्याशी बोलायला पाहिजे ना.”

मग कोच सर घरी आले. मिठाईचा पुडा घेऊन. आईनं पाणी दिलं, ते प्यायले. खुर्चीवर बसले, आम्ही पलंगावर. म्हणाले, साहेब मोठ्या मनाचे आहेत. तक्रार मागे घेतली तर बाबांना परत घेतील. योजना सुरू करतील. मला नवीन स्की देतील, माझ्या पायाच्या मापाची.

मला ते नको होतं असं म्हणू शकत नाही. मला पाणी इतकं हवं होतं की मी कपडे वाळत घालायची दोरी धरून गच्चीवर गुडघे वाकवून उभी राहायची. झोपेत माझे हात मूठ धरायचे, आई सांगते. नवीन स्की म्हटल्यावर माझा पाय खरंच हलला. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. मुद्दाम. निर्णय माझा असावा म्हणून.

मी म्हटलं, “सर, मॅडमनं काठीनं जॅकेट काढलं तेव्हा तुम्ही बोटीत होता. लॉबीत तुम्ही शेजारी होता. एवढं पोलिसांना सांगाल काय?”

सरांनी घाम पुसला. पंखा चालू होता.

“मला आता आठवत नाही बेटा.”

“कोणतं नाही आठवत? काठी की लॉबी?”

“हे बघ, कोर्टकचेरीत अडकलीस तर खेळ संपेल. तुझ्यात काय आहे ते मला माहीत आहे. केस कर नाहीतर खेळ. एक काहीतरी निवड.”

आईनं मिठाईचा पुडा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. “सर, तुमी या आता,” म्हणाली. सर गेले. ज्यानं मला पाण्यावर उभं केलं, तो माणूस गेला. मला आठवत नाही असं त्यांनी पोलिसांना पुढे लिहूनही दिलं. त्याचा राग मला साहेबांपेक्षा जास्त येतो. साहेबांना मी कोण आहे हे माहीतच नव्हतं. सरांना माहीत होतं.

आता मी अठरा पूर्ण केली. बाबा इतवारीत एका भांड्यांच्या दुकानात गाठोडी उतरवतात. मी रविवारी खाप्याला जाते, कन्हानमध्ये उलट्या धारेला पोहते. पायांचा जोर कमी होऊ दिला नाही.

पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. क्लबच्याच तलावावर. आंतरराष्ट्रीय अंतिम फेरी खेळलेली मुलगी चाचणीला थेट पात्र ठरते, त्यामुळे माझं नाव त्यांना काढता आलं नाही. त्याच आठवड्यात कोर्टात तारीख आहे. साहेबांच्या माणसांनी तिसऱ्यांदा निरोप पाठवला. वस्तीतलेही दोघेतिघे म्हणतात, कशाला वाढवतं पोरी, एक सोड. केस सोड नाहीतर खेळ सोड.

तारखेला मी कोर्टात उभी राहीन आणि साहेबांचं आणि मॅडमचं नाव घेऊन सांगेन. कोच सरांचंही घेईन. चाचणीला मी पाण्यात उतरेन, आणि बोटीवर कोणी बसलं असलं तरी ‘गो’ म्हणून ओरडेन.

मी दोन्ही करणार. एकही सोडणार नाही.